उजवीकडची तीन बोटं

हुर्रियत: आणि फाटक कशाला लावून घेतलंस रे, दोनियोर? अख्खा मोहल्ला दारात, पाटाच्या कडेला गाड्या धुतो, आणि आमचं ध्यान अंगणात, फाटकाला अडसर घालून!

दोनियोर: पाटाला पाणीच नाही, ओयी. नळाचं घेतलं.

हुर्रियत: पाणी नाही? आज गुरुवार ना? गुरुवारी आपल्या गल्लीची पाळी असते. लोकांनी गहू पेरलाय, डोळे लावून बसले असतील. या घरात सून होऊन आले तेव्हापासून हमराकुल बाबांनी पाळी चुकवल्याचं मी ऐकलं नाही. बायको गेली त्या दिवशीसुद्धा आधी पाणी सोडलं आणि मग मातीला गेले. असा पाटकरी आहे तो.

दोनियोर: आज उठले नसतील.

हुर्रियत: तोंड सांभाळ. उठले नसतील म्हणे! सरक बाजूला, दे ते फडकं. बारा वाजता शाहनोझाच्या घरी रोटी मोडायला जायचंय. साखरपुडा आहे तुझा, भाजी आणायला नाही निघालो आपण. तिची माणसं फाटकात उभी राहून आधी गाडी बघतील आणि मग तुझं तोंड.

दोनियोर: तुम्ही आत जा ना, ओयी. मी करतो सगळं.

हुर्रियत: तू करतोस? तेवीस वर्षांत स्वतःची चहाची पियाली विसळली नाहीस!

दोनियोर: माझी गाडी आहे म्हणून करतोय.

हुर्रियत: गाडी तुझी आणि ही भांडी घासायची भुकटी माझी. या अल्ला! भुकटीनं घासतोयस? अरे, चरे पडतील. नऊ दिवसांची गाडी, अजून सीटवरचं प्लास्टिक काढलं नाही आपण! बंद कर ते. शेजारचा तुर्सुनाली सांगून गेलाय ना, आधी नुसत्या पाण्यानं माती उतरवायची, मग साबणाचा फेस, तोही मऊ फडक्यानं. तो त्याचा मेणाचा डबा घेऊन येणारच आहे.

दोनियोर: तो इकडे येणार आहे? आत्ता?

हुर्रियत: म्हणाला होता सकाळी येतो. तुझा चेहरा का उतरला? रात्रभर झोपला नाहीस का? नवऱ्यामुलाची झोप उडतेच म्हणा. तुझे वडील तर आमच्या साखरपुड्याला उलटे जोडे घालून आले होते. बरं, रोट्या कुठायत? पहाटे चारला निघालास कोकंदहून रोट्या आणायला. डिकीत आहेत? गार झाल्या असतील.

दोनियोर: नाही आणल्या.

हुर्रियत: म्हणजे?

दोनियोर: बाजार बंद होता.

हुर्रियत: कोकंदचा रोटीबाजार बंद होता?

दोनियोर: हो.

हुर्रियत: त्या बाजारातले तंदूर माझ्या आजीच्या काळापासून विझले नाहीत, आणि आज नेमके बंद! तू गेलाच नाहीस, खरं ना? अर्ध्या वाटेवरून परत आलास. मी फजरच्या नमाजाला उठले तेव्हा फाटक वाजलं होतं. मला वाटलं वारा आहे.

दोनियोर: धुकं होतं खूप. काही दिसत नव्हतं. म्हणून परत आलो.

हुर्रियत: मग तसं सांग की. आईशी खोटं कशाला? धुक्यात नाही गेलास ते बरंच केलंस. रोट्या मी शेजारून मागून घेते. पण त्या एकाच कोपऱ्यात किती घासतोस? एवढी मोठी गाडी पडलीय.

दोनियोर: डाग आहे. निघत नाहीये.

हुर्रियत: कसला?

दोनियोर: रक्ताचा. कोंबड्याचं रक्त, ओयी. गाडी आणली त्या दिवशी तुम्हीच लावलंत ना?

हुर्रियत: मग असू दे की! ते घासून काढतात का कुणी? गाडीनं मागायच्या आत आपणच रक्त द्यायचं असतं, म्हणजे मग ती मागत नाही. जाईल ते आपोआप पावसापाण्यानं.

दोनियोर: शाहनोझाच्या घरच्यांना बरं नाही दिसणार.

हुर्रियत: त्यांच्या गाडीला काय गुलाबपाणी लावलंय? सगळेच लावतात. आणि... थांब. उठ जरा. उठ म्हणते ना.

दोनियोर: काय झालं?

हुर्रियत: मी उजवीकडे लावलं होतं.

दोनियोर: दोन्हीकडे लावलंत तुम्ही.

हुर्रियत: नाही. माझ्या हातांनी कापला तो कोंबडा, माझ्या या तीन बोटांनी लावलं, आणि बिस्मिल्ला म्हणून उजव्या अंगालाच लावलं. ये इकडे. ही बघ. वाळून तपकिरी झालीत, पण तीन बोटं नीट मोजता येतायत. दिसतात ना?

दोनियोर: दिसतात.

हुर्रियत: मग तू डावीकडे काय घासतोयस?

दोनियोर: इकडेही उडालं असेल.

हुर्रियत: दोनियोर, कोंबडा काही दोनदा मरत नाही. हे कसलं रक्त आहे?

दोनियोर: कुत्रं आलं मधे.

हुर्रियत: कुत्रं.

दोनियोर: हो. पहाटे, जुन्या गिरणीपाशी. एकदम आलं. मी तरी काय करणार?

हुर्रियत: कुत्रं असलं तर असू दे, बिचारं. एवढंच होतं तर फाटकाला अडसर कशाला घातलास? बघू, हलव तो पाण्याचा तांब्या. हे दिव्याच्या कडेला काय अडकलंय?

दोनियोर: हात लावू नका!

हुर्रियत: ओरडतोस कुणावर?... हा धागा आहे. पांढरा. पोत्याचा धागा आहे हा, दोनियोर. कुत्री पोतं नेसतात का?

दोनियोर: माणूस नव्हता तो, ओयी! शपथ घेतो, रोटीवर हात ठेवून शपथ घेतो, माणूस नव्हता!

हुर्रियत: हळू बोल. भिंतीला लागून घर आहे. कोण होतं मग?

दोनियोर: तुम्हीच सांगायचात ना.

हुर्रियत: काय सांगायचे मी?

दोनियोर: अजिना. कालव्यावरची.

हुर्रियत: तोबा तोबा! दिवसाढवळ्या नाव घेऊ नकोस!

दोनियोर: नाव नाही घेत. पण तीच होती. धुकं एवढं, बोनेटच्या पुढचं दिसेना. तुतीच्या झाडांतून बाहेर आली. पांढरी. वर टोकदार, खाली पाय नाहीत. डोकंच नव्हतं, ओयी. नुसतं पांढरं. खांद्यावर काहीतरी चमकत होतं. हळूहळू रस्त्यावर आली आणि दिव्यांसमोर उभी राहिली.

हुर्रियत: आणि तू?

दोनियोर: मी बिस्मिल्ला म्हटलं. ब्रेकवर पाय गेला होता माझा, खरंच गेला होता. आणि तुमचा आवाज आला कानात. कालव्यावर पांढरं दिसलं तर थांबायचं नाही. हाक आली तरी ओ द्यायची नाही. मागं वळून बघायचं नाही, बघितलं तर ती घरापर्यंत येते. लहानपणापासून रोज रात्री सांगितलंत तुम्ही. मी पाय काढून घेतला.

हुर्रियत: या खुदा.

दोनियोर: धाडकन आवाज झाला. मागून हाक पण आली, ओयी. "ए पोरा" अशी. मी नाही बघितलं मागं. अर्धा कोस पुढं गेलो, पुलावरून वळसा घेतला आणि वरच्या रस्त्यानं घरी आलो. तेव्हापासून एकच विचार करतोय. अजिनाला धडक दिली तर आवाज येतो का?

हुर्रियत: गप्प बस. जरा गप्प बस मला विचार करू दे.

दोनियोर: येतो का आवाज?

हुर्रियत: मला काय माहीत! येत असेल! त्यांची रूपं असतात, बकऱ्याचं घेतात, म्हातारीचं घेतात, मग आवाज का नाही येणार? अजिनाच असेल. दुसरं कोण पहाटे चारला कालव्यावर मरायला... कोण जाईल? कुणी नाही जात तिथं.

दोनियोर: कुणी नाही ना?

हुर्रियत: नाही. दे ते फडकं इकडे. आणि ही बादली ओतून टाक. पाणी तापवून घेतलंस होय? रक्ताला गरम पाणी लावायचं नसतं रे, शिजून बसतं. थंड पाणी घ्यायचं. बायकांना विचारायचं असतं हे. नळाचं आण, गारढोण. आणि जाता जाता ओसरीवरून इसिरीकची जुडी आण, धुरी फिरवते गाडीवरून. दृष्ट लागलीय, दुसरं काही नाही. नऊ दिवसांत नव्या गाडीला चाळीस डोळे लागले असतील.

दोनियोर: धागा?

हुर्रियत: धागा माझ्या मुठीत आहे. चुलीत घालते. तू पाणी आण.

(फाटकावर थाप पडते. पुन्हा पडते.)

तुर्सुनाली: ओपा! हुर्रियत ओपा! अहो फाटक उघडा, का आतापासूनच सासू झालात?

दोनियोर: उघडू नका.

हुर्रियत: नाही उघडलं तर भिंतीवरून डोकावेल, त्याला ओळखत नाहीस? तू त्या कोपऱ्यापाशी उभा राहा. बादली पुढ्यात ठेव. हास जरा. तुझा साखरपुडा आहे आज.... आले रे, आले, तुर्सुनाली! किती घाई!

तुर्सुनाली: सलाम, ओपा. सलाम, नवरदेव! बापरे, हा काय चेहरा? लग्नाला निघालायस की दात काढायला? हा घ्या डबा. ताश्कंदचं मेण आहे, घरच्यांपासून लपवून ठेवतो मी. दोन चमच्यांच्या वर लागलं तर मैत्री तुटली म्हणून समजा.

हुर्रियत: ठेव तिथं ओट्यावर. चहा घेशील? नाही, चहा राहू दे, तुला उशीर होत असेल.

तुर्सुनाली: कमाल आहे! या घरात पहिल्यांदा चहा विचारून परत घेतला कुणी! उशीर कसला, आज पाणीच नाही तर शेतावर जाऊन काय करू? बघू, काय धुतलंय. अरे, उन्हात कुणी घेतं का गाडी? द्राक्षाच्या मांडवाखाली घे. तापलेल्या पत्र्यावर मेण लावलं की ढग दिसतात जन्मभर. आणि ऐक, नखावर मावेल एवढंच मेण घ्यायचं. पातळ लावायचं, सरळ ओढायचं, गोल गोल नाही. वाळून धुरकट झालं की मग कोरड्या फडक्यानं. मग तुझी शाहनोझा बोनेटमधे बघून भांग पाडेल. आणि हे काय? रक्त अजून आहे वाटतं!

हुर्रियत: कुठं?

तुर्सुनाली: हे काय, उजवीकडे. तीन बोटं. ओपा, रिवाज ठीक आहे, पण तिसऱ्या दिवशी धुवायचं असतं हो. रक्त रंग खातं. खाली डाग राहतो, तो मग पॉलिशनंही नाही जात.

हुर्रियत: राहू दे. तेवढं राहू दे.

तुर्सुनाली: तुमची मर्जी. ए, सरक की जरा, डावीकडचं बघतो.

दोनियोर: तिकडे ओलं आहे, अका. पाय घसरेल.

तुर्सुनाली: वीस वर्षं गाड्या धुतोय, मला पाण्याची भीती घालतो! सरक.

हुर्रियत: तुर्सुनाली! पाणी का नाही रे आलं आज? तुला काही कळलं?

तुर्सुनाली: म्हणजे? तुम्हाला माहीत नाही? अख्ख्या गावाला कळलंय, ओपा. तुमचं फाटक बंद ना. हमराकुल बाबांना उडवलं कुणीतरी.

हुर्रियत: कुणाला?

तुर्सुनाली: आपल्या पाटकऱ्याला हो! पहाटे पाटाचं वरचं दार उघडायला निघाले होते. जुन्या गिरणीपाशी. धुक्याची ओल लागते म्हणून पिठाच्या पोत्याची खोळ घालतात ना ते डोक्यावरून, तशी खोळ घेतलेली, खांद्याला फावडं. गाडीवाल्यानं ठोकलं आणि निघून गेला.

हुर्रियत: आहेत ना? तुर्सुनाली, आहेत ना ते?

तुर्सुनाली: बसा, ओपा, बसा. एकदम पांढऱ्या पडलात. आहेत, जिवंत आहेत. मांडीचं हाड मोडलंय आणि डोक्याला लागलंय. दूधवाली झेबो सायकलवरून जात होती, तिला चरात दिसले. दीड तास पडून होते तिथं. डॉक्टर म्हणाले, लगेच आणलं असतं तर पायाची एवढी काळजी नव्हती. आता रात्र जाऊ दे म्हणतात, मग बघू. थंडीनं गारठले होते नुसते. सत्तरी उलटलेलं माणूस.

दोनियोर: बोलले का काही?

तुर्सुनाली: बोलतात ना. एकच बोलतात. "वरचं दार बंद आहे, पोरांनो, गल्लीची पाळी आहे, पाणी सोडा." डोळे मिटलेले आणि हेच चालू आहे. नर्सला पण तेच सांगितलं, पाणी सोडून ये म्हणून. हसावं की रडावं? आणि दार उघडायची किल्ली त्यांच्या कमरेला, ती आमच्या रईसांनी, मोहल्ल्याच्या प्रमुखांनी, आणलीय, चहाखान्यात खिळ्याला अडकवलीय. पण जायला कुणी तयार नाही. गिरणीपाशी म्हटलं की सगळ्यांना कामं आठवतात.

दोनियोर: आणि गाडी? गाडी बघितली त्यांनी?

तुर्सुनाली: त्यांनी नाही. फावड्याला पांढरा रंग घासलाय म्हणे. बस. पोलीस पांढरी गाडी शोधतायत! अरे, आपल्या गल्लीत सोळा घरं, त्यात चौदा पांढऱ्या गाड्या. उरलेल्या दोघांकडे गाढवं आहेत, आणि त्यातलं एक पांढरं आहे! शोधा म्हणावं. ज्यानं केलं तो सुटला समजा. कुणी पाहिलं नाही की काही नाही.

हुर्रियत: सुटला.

तुर्सुनाली: नाहीतर काय. पण मी म्हणतो, ठोकलं तर ठोकलं, धुकं होतं, माणूस चुकतो. खाली उतरून बघायचं तरी! कुत्र्याला पण बघतो आपण. बरं, निघतो मी. डबा दुपारी नेतो. नवरदेव, अल्ला भलं करो, शाहनोझाच्या घरी मटण जरा जास्त खा, वाळलायस.... आणि हे बघ.

दोनियोर: काय, अका?

तुर्सुनाली: तुझा डावा दिवा तडकलाय. एवढीशी चीर आहे. मेणानं नाही झाकायची ती.

दोनियोर: कोकंदला... पार्किंगमधे कुणीतरी...

तुर्सुनाली: असेल, असेल. मी नाही विचारलं तुला. चलतो, ओपा. फाटक ओढून घेऊ?

हुर्रियत: ओढून घे.

दोनियोर: ... गेला?

हुर्रियत: गेला.

दोनियोर: त्यानं बघितलं, ओयी.

हुर्रियत: बघितलं.

दोनियोर: सांगेल का कुणाला?

हुर्रियत: नाही सांगणार. मेल्यावरही सांगणार नाही. उद्यापासून दारावरून जाताना गाडीकडे बघणार नाही, एवढंच. आणि मी त्याला मीठ मागायला गेले तर हसून देईल, आणि मला त्याच्या हसण्याची भीती वाटेल.

दोनियोर: पण कुणी पाहिलं नाही ना. बाबांनीही नाही. तो म्हणाला ना, सुटला समजा. ओयी, बारा वाजायला अजून वेळ आहे. डाग निघालाय जवळजवळ. वरून मेण लावतो. दिवा उद्या दुसऱ्या गावातून बदलून आणतो. बाबांना दवाखान्यात फळं नेऊ, दूध नेऊ, रोज नेऊ. फडकं द्या ना. ओयी? फडकं सोडा.

हुर्रियत: माझ्या मुठीत धागा आहे अजून. तो बोलत असताना मी घट्ट धरून बसले होते. ती खोळ मी शिवून दिली होती त्यांना. मागच्या हिवाळ्यात. दोन पोती जोडून, वर टोक काढलं, पाऊस घरंगळावा म्हणून.

दोनियोर: मला काय माहीत! मला काय माहीत ते बाबा होते! तुम्हीच सांगितलंत पांढरं असतं!

हुर्रियत: हो. मीच सांगितलं.

दोनियोर: तुम्हीच म्हणालात, माझ्या वडिलांना कालव्यावर हाक मारली कुणीतरी. त्यांनी मागं वळून बघितलं आणि गेले. म्हणून कधी बघायचं नाही. मी तुमचं ऐकलं, ओयी! सगळी पोरं कालव्यात पोहायला शिकली, मी नाही शिकलो. मी तुमचंच ऐकलं!

हुर्रियत: कुणी हाक नव्हती मारली.

दोनियोर: काय?

हुर्रियत: तुझ्या वडिलांना. कुणी नव्हतं तिथं. अजिना नाही, कुणी नाही. प्यायले होते. लग्नघरातून येत होते, तोल गेला आणि पाण्यात पडले. एवढंच झालं.

दोनियोर: तुम्ही खोटं...

हुर्रियत: तू चार वर्षांचा होतास. तुला काय सांगू, तुझा बाप पिऊन बुडाला? गावाला काय सांगू? मी म्हटलं हाक आली. आणि मग वाटलं, बरंच झालं, पोरगं घाबरेल, कालव्याकडे जाणार नाही. दुसरं कोण होतं मला? झोपताना रोज सांगत गेले. सांगता सांगता मलाच भीती वाटायला लागली. आज तू नाव घेतलंस तर माझ्याच अंगावर काटा आला, माझ्याच थापेचा!

दोनियोर: कुणालाच माहीत नाही हे?

हुर्रियत: एका माणसाला माहीत आहे. ज्यानं त्यांना पाण्यातून काढलं, तोंडाचा वास घेतला आणि मयताला अंघोळ घालणारे यायच्या आत स्वतः त्यांचं तोंड धुवून काढलं. मशिदीत विचारलं तर म्हणाला, पाय घसरला, फरशी शेवाळलेली होती, चूक माझी, मी साफ करायला हवी होती. एकोणीस वर्षं झाली. कधी एका शब्दानं बोलला नाही मला.

दोनियोर: हमराकुल बाबा?

हुर्रियत: दुसरं कोण असतं पहाटे चारला कालव्यावर? मघाशी मी तुला म्हणाले ना, कुणी नाही जात तिथं. जीभ झडायला हवी होती माझी. मला तेव्हाच कळलं होतं, दोनियोर. पाट कोरडा आहे म्हणालास तेव्हा नाही, पण धागा हातात आला तेव्हा कळलं होतं. आणि तरी मी तुला थंड पाणी आणायला सांगितलं.

दोनियोर: मला तुरुंगात टाकतील, ओयी.

हुर्रियत: टाकतील. किंवा नाही टाकणार. मला नाही माहीत.

दोनियोर: शाहनोझा...

हुर्रियत: तिच्या आईला मी फोन करते. आज येत नाही म्हणून सांगते, आणि का ते पण सांगते. मग त्यांचं काय ठरायचं ते ठरू दे.

दोनियोर: मला भीती वाटतेय.

हुर्रियत: मला नाही वाटत? पण कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं थांबतं का, बाळा? हे झाकलं तर तू रोज पहाटे जागा होशील. मी एकोणीस वर्षं होतेय. दे, हात दे मला. उठव.

दोनियोर: गाडी पुसून घेऊ?

हुर्रियत: नको. आहे तशी ने. फेस सुकू दे तिच्या अंगावर. मेणाचा डबा तुर्सुनालीच्या ओट्यावर ठेवून दे जाताना. आधी दवाखान्यात जायचं, त्यांच्या पायाशी बसायचं, तोंडानं सांगायचं. तिथूनच पोलिसांना फोन करायचा. मी तुझ्या शेजारी असेन. हे धर, हा धागा खिशात ठेव. टाकायचा नाही.

दोनियोर: वरच्या रस्त्यानं जाऊ?

हुर्रियत: नाही. कालव्याच्या.

दोनियोर: ओयी, नको.

हुर्रियत: चहाखान्यातून किल्ली घेऊ, आणि गिरणीपाशी गाडी थांबव. उतरून वरचं दार उघडून ये. तोंड काय दाखवणार त्यांना, पाणी सोडलंय का विचारलं तर?

दोनियोर: मी? काठावर एकटा? तिथं अजून धुकं असेल. तुम्ही तर मला आजवर कधी...

हुर्रियत: आजवर नाही जाऊ दिलं. आता जा. लोखंडी चाक आहे, उजवीकडे फिरवायचं, जड आहे म्हणतात. मी गाडीत दार उघडं ठेवून बसते. तुला हाका मारत राहीन.

दोनियोर: आणि मला हाक ऐकू आली तर?

हुर्रियत: तर मागं वळून बघ, बाळा. मीच असेन.